मुकादमभाई आणि जपानी आगबोट

मुकादम हे त्यांचं आडनाव होतं आणि कामही. शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या यार्डात नवा माणूस आला की त्याला वाटायचं, सगळे यांना हुद्द्यानंच हाक मारतात. मग ते छातीवरचं ओळखपत्र पुढं करून म्हणायचे, "वाच. शरीफ मुकादम. बापाकडून मुकादम, कंपनीकडूनपण मुकादम. ड्यूटी डबल, पगार सिंगल."

कंपनीच्या कागदावर ते लिफ्टिंग सुपरवायझर होते. आमच्या यार्डात बार्जेस आणि लहान बोटी बांधल्या जात, दुरुस्त होत. तिथं क्रेननं जे काही उचललं जाई, ते मुकादमभाईंच्या हाताच्या इशाऱ्यावर उचललं जाई आणि त्यांच्याच इशाऱ्यावर खाली येई. त्यांच्या फक्त उजव्या हातात पांढरा हातमोजा असायचा. डावा हात उघडा. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "क्रेनवाला वर बसतो. त्याला खाली शंभर हात हलताना दिसतात. त्यातला त्याचा मालक कुठला, ते कळायला नको?" तो मोजा ते रोज स्वतः धुवायचे. मिशीला कलप लावायचे आणि तो लावत नाहीत असं शपथेवर सांगायचे.

त्यांची भाषा दोन शब्दांची होती. 'हाबेस' म्हणजे वर घे, 'आरिया' म्हणजे खाली सोड. हे शब्द त्यांचे नव्हते. कोकणच्या खलाशांपासून चितगावच्या खलाशांपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक असतात. पण मुकादमभाई ते असे उच्चारायचे, की जणू त्यांच्या घरच्या ठेवणीतले आहेत. आमच्या क्रेनवर जमाल नावाचा बांगलादेशी ऑपरेटर होता. त्याला मराठी येत नव्हतं, मुकादमभाईंना बंगाली येत नव्हतं, दोघांचं हिंदी ऐकून हिंदीवाल्यांना हसू यायचं. पण मोजा वर झाला, 'हाबेस' ऐकू आलं, की जमाल वीस टनांचं पोलाद असं उचलायचा, की खालच्या माणसाच्या चहावर लाट उठू नये.

"माझ्या हाताखाली अजून कुणाचं नख निघालेलं नाही," हे मुकादमभाईंचं पालुपद होतं. सेफ्टीच्या मीटिंगमध्ये, कॅन्टीनच्या रांगेत, गावाकडच्या फोनवर, सगळीकडे. साठी जवळ आली होती, व्हिसा पुन्हा वाढणार नव्हता. हे वर्ष शेवटचं. "लोक गल्फमधून गावी सोनं नेतात," ते म्हणायचे, "मी हे एक वाक्य नेणार. इन्शाल्ला." आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत.

मी या यार्डात आलो तेव्हा क्वालिटी इंजिनिअर होतो, निदान नेमणूकपत्रात तरी. शिक्षण जतला, मराठी शाळेत. वडील बाजार समितीत हमाल. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. सांगलीला डिग्री झाली, पण तोंडाला इंग्रजी कधी बसलं नाही. पहिल्याच आठवड्यात क्लाएंटच्या मीटिंगमध्ये मला एक प्रश्न विचारला गेला आणि मी वाक्य जुळवत बसलो. 'द... द... थिकनेस इज...' सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. बाहेर आल्यावर मुकादमभाईंनी मला क्रेनच्या सावलीत बोलावलं.

"इंजिनेर, वाक्य कशाला बनवतोस? आधी आकडा फेक. 'बारा मिलिमीटर.' लोक आकडा लिहायला मान खाली घालतात. मान खाली गेली की मग वाक्य बोल. कोण बघतंय तुझं व्याकरण?"

मी आजही मीटिंगमध्ये तसंच करतो. आता माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत आणि त्यांना वाटतं, मी फार मुद्द्याचं बोलतो.

वडील काय करतात, असं त्यांनी त्याच दिवशी विचारलं होतं. मी जरा अडखळून 'हमाल' म्हणालो. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "म्हणजे तू आमच्याच जातीचा निघालास. उचलणाऱ्यांच्या."

*

जपानी बोटीचं काम आमच्याकडे आलं तेव्हा यार्डात सगळ्यांना ती थट्टाच वाटली होती. दुबईच्या एका हॉटेलवाल्याला आपल्या तळ्यात तरंगतं रेस्टॉरंट हवं होतं आणि ते कसं, तर दीडशे वर्षांपूर्वीच्या जपानी आरमारातल्या गनबोटीसारखं. म्हणजे वाफेच्या इंजिनावर चालणारी, पण शिडंही असणारी लहानशी युद्धनौका. तीन डोलकाठ्या, मध्ये एक धुराडं, आणि डेकवर फिरत्या बैठकीची एक मोठी तोफ. आमचा सांगाडा पोलादी असणार होता आणि वरून सागवानी फळ्या. तोफ पोकळ, पण पोलादीच.

रेखाटनं घेऊन जपानहून एक वयस्क गृहस्थ आले होते, हायाशीसान. ते फार हळू बोलायचे आणि प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबायचे. त्यांनी आम्हाला सांगितलं, की त्या काळात जपानला आरमाराची घाई होती. वाफ नवी होती, तिच्यावर पुरता भरवसा नव्हता आणि कोळसा महाग. म्हणून शिडं ठेवली. वारा असेल तर शीड, नसेल तर आग.

"आगबोट!" मुकादमभाई एकदम म्हणाले. "हे गनबोट वगैरे नका सांगू. आमच्याकडे हिला आगबोट म्हणतात."

मग कळलं, की त्यांचे आजोबा मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर आगवाले होते. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात भट्टीत कोळसा टाकणारा. आजोबांना दोन्ही भुवया नव्हत्या, त्या भट्टीनं कायमच्या नेल्या होत्या. घरात ते कधी चुलीजवळ बसत नसत. इतकंच मुकादमभाईंना आठवत होतं, पण त्या दिवसापासून ही बोट त्यांची झाली. इतर बार्जेसना ते 'जॉब' म्हणायचे, हिला 'आपली बोट'. हिच्यासाठी ते हायाशीसानशी भांडले, मॅनेजरशी भांडले, सुतारांशी तर रोजच.

हायाशीसानशी झालेलं भांडण धुराड्यावरून होतं. मुकादमभाईंचं म्हणणं, धुराडं मागं कललेलं हवं. सगळ्या आगबोटींचं असतं, त्यांच्या घरात आजोबांच्या बोटीचा फोटो आहे. हायाशीसान म्हणाले, हिचं सरळ होतं. मुकादमभाई ऐकेनात. "साब, हवा पीछे जाता है, धुआँ पीछे जाता है, तो चिमनी सामने देखेगा क्या?" हायाशीसाननी मान लववली आणि दुसऱ्या दिवशी मूळ नकाशाची प्रत आणून टेबलावर ठेवली. धुराडं काठीसारखं सरळ. मुकादमभाईंनी ती बराच वेळ पाहिली. मग खिशातून खजुराचं पाकीट काढून हायाशीसानच्या पुढे ठेवलं.

"आपका चिमनी सीधा," ते भर ऑफिसात म्हणाले, "हमारा खोपडी टेढा."

हायाशीसान इतके हसले, की त्यांना चष्मा काढावा लागला.

मॅनेजरशी झालेल्या भांडणात मात्र त्यांची हार झाली. आमचे मॅनेजर मॅथ्यूसाहेब केरळचे, वाईट माणूस नव्हे, पण तारखेचा गुलाम. जिथं खऱ्या बोटीत भट्टी असायची, त्या तळाच्या जागेत हॉटेलवाल्याला डीप फ्रीझर हवा होता. डेकवर कॅप्टनचा पुतळा, तोफेवर दोन गोलंदाजांचे पुतळे ठेवायचे होते. मुकादमभाई म्हणाले, खाली एक आगवालापण ठेवा, फावडं हातात घेतलेला. मॅथ्यूसाहेब म्हणाले, "मुकादम, गेस्ट नीचे नहीं जाता. फ्रीझर देखने कौन जाएगा?"

"बरोबर आहे," मुकादमभाई मला मराठीत म्हणाले, "त्या वेळीपण कोण जात नव्हतं."

*

सुतारांशी भांडण म्हणजे मेस्त्रीशी भांडण. रघुनाथ मेस्त्री संगमेश्वरकडचा, पन्नाशीचा, ठेंगणा, हाडाचा सुतार. त्याला या यार्डात मुकादमभाईंनीच लावलं होतं. बारा-पंधरा वर्षांची दोघांची दोस्ती होती आणि त्यातला एकही दिवस ते सरळ बोलले नसतील. मेस्त्री सोमवारी मासे खात नसे. म्हणून मुकादमभाई आपल्या खोलीवरचा माशांचा बेत कधी सोमवारी ठेवत नसत आणि तरी दर सोमवारी डबा उघडून म्हणत, "वास तरी घे रे, वासानं कुठं बाटतोस?"

"तुझ्या वासानं बाटलोय तेवढं पुरे," मेस्त्री म्हणायचा.

बोटीच्या डेकवर सागवानी फळ्या मेस्त्री बसवत होता. फळीला फळी अशी भिडवायचा, की मध्ये दोरा जाऊ नये. रंध्याच्या पात्याची धार तो अंगठ्यानं नाही, उजव्या तर्जनीच्या टोकानं बघायचा, डोळे मिटून. मुकादमभाई वरून ओरडायचे, "मेस्त्री, बोट बनवतोयस की पलंग?"

"पलंगच. तुला रिटायर झाल्यावर झोपायला. कलप लावून झोप, पण तेवढी उशी खराब करू नकोस."

मी त्या दोघांमध्ये उभा राहून फळ्यांचं माप घ्यायचो. परक्या देशात आपल्या भाषेत कुणीतरी कुणाला शिव्या घालतंय, हे ऐकायला किती बरं वाटतं, ते तिथं गेल्याशिवाय कळत नाही.

काम संपत आलं होतं. बोट पाण्यात उतरवून जेट्टीला बांधली होती, फक्त वरचा साज राहिला होता. त्याच सुमारास वारं सुटलं. उत्तरेकडून येणारं ते वारं इथं सगळ्यांच्या ओळखीचं आहे, तोंडात वाळू भरतं. एका दुपारी बोटीचा दोर तुटला आणि तिची कूस जेट्टीच्या काँक्रीटवर दाणकन आपटली. नव्या सागवानाच्या चार फळ्या फुटल्या. तेव्हापासून जरा वारं वाढलं की यार्डभर एकच आरोळी उठायची, "बोट! बोट संभालो!" पंजाबी, बंगाली, मल्याळी, सगळेच तेच ओरडायचे आणि जो असेल तो दोराकडे धावायचा. मुकादमभाई तर जेवताना हातातला घास टाकून उठायचे.

*

तोफ चढवायची होती ती सकाळ तशीच वाऱ्याची होती. काम पुढं ढकलावं असं सेफ्टीवाल्याला वाटत होतं, पण वारं मर्यादेच्या आत होतं आणि हॉटेलवाल्यांची माणसं फोटो काढायला येणार होती. मुकादमभाईंनी आकाशाकडे, मग पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "होऊन जाईल. यल्ला, चला."

डेकवर तोफेच्या बैठकीखाली सागाचा जाड ठोकळा बसवायचा होता. तो मेस्त्रीनं घडवला होता. तोफ लोंबकळत खाली येत असताना मेस्त्री गुडघ्यावर बसून ठोकळा सारखा करत होता. हे नियमाला धरून नव्हतं. पण ठोकळा थोडा सरकला होता, मेस्त्रीला ते खपणार नव्हतं, आणि मुकादमभाईंना मेस्त्रीचा स्वभाव माहीत होता. त्यांनी मोजा आडवा धरून एकदा थांबवलं, मेस्त्रीनं मान हलवली, आणि मोजा पुन्हा हळूहळू खाली येऊ लागला. आरिया. आरिया. जमाल वर काचेमागे बसून त्या मोज्याकडे बघत होता.

मी जेट्टीवर होतो. मेस्त्रीचा आवाज मी ऐकला. सगळ्यांनीच ऐकला.

"बोट! भाई, बोट!"

मुकादमभाईंची मान वळली. ती मेस्त्रीकडे नाही, जेट्टीकडे वळली. बोट आणि काँक्रीट यांच्यातल्या पाण्याच्या पट्टीकडे, दोराकडे. आणि मोजा थांबला नाही. उलट जोरानं खाली आला. बोट डुलते आहे, तोफ हवेत लोंबकळते आहे. अशा वेळी ती हवेत ठेवण्यापेक्षा लवकर टेकवलेली बरी, हा त्यांचा हिशेब. इतर कुठल्याही दिवशी तो बरोबरही ठरला असता. बंगाली, पंजाबी सगळे दोराकडे धावले. जमालनं मोजा पाहिला आणि तोफ टेकवली.

दोर शाबूत होता. बोट जागेवर होती.

मराठी वाचकाला मी हे समजावून सांगायला नको. मेस्त्री स्वतःच्या हाताबद्दल ओरडत होता.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. पुढचं मला नीटसं लिहिता येणार नाही. एवढंच सांगतो, की तोफ परत उचलायला 'हाबेस' म्हणायचं होतं आणि मुकादमभाईंच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांचा हात वर गेला आणि जमाल ते बघून रडत रडत तोफ उचलत होता.

*

दुसऱ्या दिवशी मॅथ्यूसाहेबांनी मीटिंग बोलावली. मेस्त्री हॉस्पिटलात होता. खोलीत मॅथ्यूसाहेब, सेफ्टी ऑफिसर, मुकादमभाई आणि दाराशी उभा असलेला जमाल. मला बोलावलं होतं, कारण मुकादमभाई सोडले तर मराठी समजणारा मी एकटा होतो.

पोलिसांचा माणूस दुपारी जबाब घ्यायला येणार होता. मॅथ्यूसाहेबांना तोपर्यंत गोष्ट सरळ करून हवी होती.

"सिम्पल है," ते म्हणाले. "मेस्त्री मराठी में चिल्लाया. ऑपरेटर बंगाली. उसको समझा नहीं. किसी का भी आवाज आया तो क्रेन रोकना, ये रूल है. ऑपरेटर ने रोका नहीं. लँग्वेज प्रॉब्लेम." आणि माझ्याकडे वळून, "व्हॉट डज इट मीन, दॅट वर्ड?"

"फिंगर," मी म्हणालो. "अँड ऑल्सो... बोट."

"देअर!" मॅथ्यूसाहेबांनी टेबलावर हात ठेवला. त्यांना खरंच हायसं वाटलं असावं. जगात अशी एक भाषा आहे, जिच्यात हे दोन्ही एकच आहे, आणि म्हणून कुणाचाच दोष नाही. असला तर त्यातल्या त्यात वर बसलेल्याचा.

जमालचा चेहरा पांढरा पडला होता. त्याचं लायसन्स जाणार होतं. कदाचित तुरुंग. त्याच्या घरी खाणारी चार तोंडं होती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तो एवढंच म्हणाला, "साब, हम हाथ देखा. मुकादमभाई का हाथ चालू था."

"तुमसे पूछा नहीं," मॅथ्यूसाहेब म्हणाले. मग आवाज खाली आणून मुकादमभाईंना, "मुकादम, तुम्हारा लास्ट इयर है. इज्जत से जाने का. तुम सिर्फ चुप बैठो. खलास."

मुकादमभाई समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होते. त्यांच्या हातात मोजा नव्हता. दोन्ही हात सारखे दिसत होते, म्हाताऱ्या माणसाचे.  मला वाटलं, ते गप्प बसतील. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांनी गप्प बसावं असं मला वाटत होतं. माझं त्यांच्यावर प्रेम होतं, आणि जमाल मला फक्त काचेमागे दिसणारा माणूस होता.

"साब," मुकादमभाई म्हणाले, "जमाल मराठी नहीं जानता. ये सच है."

मॅथ्यूसाहेबांनी मान डोलावली.

"मैं जानता हूँ. माँ के पेट से जानता हूँ. उस जेट्टी पर वो चिल्लाया तो समझने वाले दो ही थे, एक ये इंजिनेर, एक मैं. और हाथ मेरा था. जमाल ने कान से काम नहीं किया, आँख से किया. वही उसका काम है. उसने मेरा हाथ देखा. मेरा हाथ आरिया बोल रहा था."

"मुकादम, यू डोन्ट हॅव टू..."

"मेस्त्री ने मेरे को पुकारा था, साब. क्रेन को नहीं. 'भाई' बोला था. मैंने उसकी तरफ देखा भी नहीं. मैंने बोट की तरफ देखा." इथं त्यांचं हिंदी संपलं. ते माझ्याकडे वळले आणि मराठीत बोलू लागले, आणि मी जमेल तसं इंग्रजी करत गेलो. वाक्य जुळलं की नाही, याकडे त्या दिवशी कुणाचं लक्ष नव्हतं.

"सांग यांना. आमच्यात ती बोट म्हणजे जहाज, आणि ते बोट म्हणजे हाताचं. त्यानं नुसतं 'माझं' म्हटलं असतं, तरी कळलं असतं. पण हात चेंगरताना माणूस व्याकरण करतो काय? कळून घेणं माझं काम होतं. त्याला बोटीची काय पडली होती? बोटीची मला पडली होती. चार महिने मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं."

मग परत हिंदीत, जमालकडे न बघता, "इसको जाने दो. क्रेन खड़ी है."

दुपारी पोलिसांना त्यांनी तेच सांगितलं. त्यांचा पासपोर्ट जमा झाला. यार्डाचा गेटपास त्याच दिवशी काढून घेतला. जमाल पुढच्या आठवड्यात क्रेनवर परत आला. दोष कंपनीच्या सुपरवायझरचा ठरल्यामुळे मेस्त्रीची भरपाई कुणाला कापता आली नाही. मुकादमभाईंचं ते एक वाक्य, गावी न्यायचं, ते तेवढं इथंच राहिलं.

*

मला वाटलं होतं, मेस्त्रीला हे कळलं की त्याचं मन थोडं निवळेल. मी तोवर पुस्तकातच वाढलेला होतो. मी हॉस्पिटलात जाऊन त्याला सगळं सविस्तर सांगितलं. बँडेजमध्ये गुंडाळलेला हात उशीवर ठेवून त्यानं ते ऐकून घेतलं.

"खरं बोलला," तो म्हणाला. "बरं केलं. मग काय, उगवली माझी बोटं?"

त्यानं उशीवरचा हात जरा उचलून माझ्यासमोर धरला.

"जमाल सुटला. तो भाई पण सुटला, आतून. मी कुठं सुटलो? मला सांग, तूच शिकलेला आहेस. अंगठा आणि करंगळीत रंधा कसा धरतात?"

मुकादमभाई रोज हॉस्पिटलात जात. यार्डानं खोली काढून घेतल्यावर ते अजमानला एका नातेवाइकाकडे राहत होते, तिथून दोन बस बदलून येत. डबा आणत. मेस्त्री त्यांना पाहिलं की भिंतीकडे तोंड करायचा. ते डबा स्टुलावर ठेवून, भेटीची वेळ संपेपर्यंत बसून राहत. बाजूच्या खाटेवरच्या पाकिस्तानी ड्रायव्हरला वाटायचं, हे सख्खे भाऊ आहेत आणि जमिनीवरून भांडलेत. एकदा मी मेस्त्रीला म्हणालो, एखादा शब्द तरी बोल. तो म्हणाला, "एक शब्द बोललो होतो की."

मुकादमभाईंनी हे ऐकलं. ते दारातच उभे होते. ते आत आले, डबा ठेवला आणि नेहमीच्या जागी बसले.

ती बोट वेळेवर पुरी झाली. डेकच्या त्या भागातल्या फळ्या दुसऱ्या सुतारानं बदलल्या. आता ती दुबईत त्या तळ्यात उभी आहे. संध्याकाळी धुराड्यातून खोटा धूर सोडतात आणि लोक तोफेला टेकून फोटो काढतात. माझ्या मुलीच्या शाळेतल्या मैत्रिणीचा वाढदिवस तिथं होता. घ्यायला गेलो तेव्हा मी जेट्टीवरच थांबलो. मुलगी म्हणाली, "बाबा, कम इन ना, इट्स सो क्यूट." मी म्हटलं, गाडी चुकीच्या जागी लावली आहे. खाली काय आहे, असं मी तिला नंतर विचारलं. तिला माहीत नव्हतं. "जस्ट द किचन, आय थिंक."

मुकादमभाईंची केस पुढे मिटली. दंड झाला आणि त्यांना जाऊ दिलं. तोवर माझी बदली मुसफ्फाच्या यार्डात झाली होती. ते गावी परत गेल्याचं मला जमालनं फोनवर सांगितलं. गावी ते कुणाला भेटत नाहीत असं ऐकतो. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा त्यांच्या सूनबाईनं उचलला आणि म्हणाली, अब्बा झोपलेत.

म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मेस्त्री परत गेला त्या दिवशी, शारजाच्या विमानतळावर.

मेस्त्रीला सोडायला मी गाडी घेऊन गेलो होतो. मुकादमभाई आमच्या आधीच येऊन प्रवेशदाराशी थांबले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि मिशी पूर्ण पांढरी. मेस्त्रीनं त्यांना पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. ट्रॉली मुकादमभाईंनी माझ्या हातातून घेतली आणि ढकलत आमच्या मागून चालू लागले.  आत, जिथून पुढे फक्त प्रवाशांना जाता येतं, तिथं आम्ही थांबलो. मेस्त्रीनं मला नमस्कार केला. एकाच हातानं, डाव्या, कपाळाला लावून.

तेव्हा मुकादमभाई म्हणाले, "मेस्त्री, पोचलास की मिस कॉल दे."

मेस्त्री थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"कुठल्या बोटानं?" तो म्हणाला.

त्यात राग नव्हता असं मी म्हणणार नाही. थट्टा नव्हती असंही म्हणता येत नाही. पूर्वी तो याच स्वरात बोलायचा. मुकादमभाईंनी ट्रॉली त्याच्या पुढे केली.  मेस्त्री ट्रॉली घेऊन आत गेला.

पुढे तपासणीचा पट्टा होता. मेस्त्रीनं पहिली बॅग डाव्या हातानं कशीबशी वर ठेवली. दुसरी अवजारांची पेटी होती, लाकडी, जुनी, त्यानं स्वतः बनवलेली. आत रंधे, पटाशा, करवती. ती न्यायचीच असा त्याचा हट्ट होता. ती त्याला एका हातानं उचलेना. त्यानं उजव्या मनगटाचा टेकू दिला, पेटी कलंडली, परत खाली आली. मागची रांग थांबली.

मुकादमभाई दोरीखालून वाकून आत शिरले होते. त्यांना मी पाहिलं तेव्हा ते निम्म्या वाटेवर होते. गार्डनं हात आडवा केला. "तिकीट?"

"दोस्त है," मुकादमभाई म्हणाले. "सिर्फ उठाना है."

"तिकीट, हबीबी. नो तिकीट, नो गो."

"भारी है वो. एक मिनिट. उठाके वापस आता है."

गार्ड तरुण होता, उद्धट नव्हता. त्यानं फक्त मान हलवली आणि हात तसाच ठेवला. मुकादमभाई त्या आडव्या हाताला छाती टेकून उभे राहिले. पलीकडे रांगेतला कुणी एक जाडसर माणूस पुढे आला, त्यानं पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि पट्ट्यावर ठेवली. मेस्त्रीनं त्याला मान लववली. पेटी काळ्या रबरी झालरीतून आत गेली. मेस्त्री तिच्या मागोमाग गेला.

मी म्हटलं, "चला, मुकादमभाई."

त्यांनी ऐकलं नाही. ते त्या झालरीकडे बघत होते. ती हलायची थांबली, तरी बघत होते.